एव्हरेस्ट अवघड की के-टू? (राजहंसगडाखालच्या चहावरून पेटलेला धागा)

जांबोटीचा_वारा (धागालेखक)

परवा रविवारी आम्ही सहाजण येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेलो होतो. खाली उतरून चहा घेताना कुणीतरी म्हणालं, "शेवटी एव्हरेस्ट ते एव्हरेस्ट." दुसरा म्हणाला, "पैसे मोजले की एव्हरेस्ट होतंय, के-टू करून दाखव." (के-टू म्हणजे उंचीत जगातला दोन नंबरचा डोंगर.) जे पेटलं ते टिळकवाडीत गाड्या लावेपर्यंत विझलं नाही. चहाचे पैसे कुणी दिले हेही आता कुणाला आठवत नाही. (मी दिले.)

तर जाणकारांनी सांगावं. जगातल्या मोठ्या डोंगरांत चढायला खरोखर अवघड कुठला? आणि अवघड म्हणजे नेमकं काय, उंची, थंडी, खडक की आणखी काही?

विचारण्यामागं थोडा स्वार्थ आहे. उत्तरकाशीच्या गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला नाव घातलंय. आईला अजून सांगितलेलं नाही.

शहापूर_कट्टा

एव्हरेस्ट. ८,८४८.८६ मीटर. धागा बंद करा, कुंदा वाटा.

गोकाकचा_खडक

कट्टा, उंचीवरच ठरवायचं तर टेप घेऊन बसू, चढायला कशाला जायचं?

स्वित्झर्लंडमधला आयगर बघा. उंची ३,९६७ मीटर, म्हणजे एव्हरेस्टच्या निम्मीसुद्धा नाही. पायथ्याच्या गवतात गायी चरतात, हॉटेलच्या गच्चीतून दुर्बीण लावून गिर्यारोहक बघता येतात. पण त्याची उत्तरेकडची भिंत साधारण १,८०० मीटर सरळ उभी आहे. ती पहिल्यांदा चढली गेली १९३८ च्या जुलैत. हेकमायर, फ्योर्ग, हारर आणि कास्पारेक असे चौघे होते. त्याआधी तिथं बरेच मेले.

तिथली खरी पीडा दगडांची. खडक भुसभुशीत आहे. रात्री गारठ्यानं बर्फ सगळे दगड धरून ठेवतो, म्हणजे आपल्या भाषेत गवंड्यानं सिमेंट भरल्यासारखं. ऊन पोचलं की सिमेंट सुटतं आणि भिंत दगड मारायला लागते. म्हणून उघड्या जागा पहाटे गाठून पार करायच्या असतात.

हे मला पुस्तकात वाचून कळलं नव्हतं, गोकाकला कळलं. वळवाचा पाऊस पडून गेला होता, खडक वरून वाळलेला दिसत होता. डाव्या हाताची पकड चांगली मुठीएवढी, त्याच पकडीवर मी वीसेकदा तरी लोंबकळलो असेन. त्या दिवशी ती बिस्किट चहातून काढावं तशी हातात आली. वालुकाश्म पाणी पितो आणि आतून मऊ होतो, वरून काही कळत नाही. दोरावर दीड मीटर खाली आलो, कोपर सोललं, एवढंच. पण तो तुकडा खाली पडल्याचा आवाज अजून आठवतो. बदामीला जाणाऱ्यांनो, पावसानंतर दोनतीन दिवस थांबत जा. खडकासाठीही आणि स्वतःसाठीही.

निपाणीचा_पाहुणा

वाचतोय. खुर्ची टाकून बसलोय.

सुभेदार_मामा

पोरांनो, तुम्ही भांडूलालाय ते शब्दावरून. अवघड डोंगर एक, आणि वाईट डोंगर एक. दोन वेगळे.

अवघड जागी तू चुकलास तर पडतोस. वाईट जागी तू काय चुकला नाहीस तरी जातोस.

एव्हरेस्टची नेपाळकडची वाट घ्या. त्यात हाताचं कसब लागणाऱ्या जागा थोड्या. पण बेस कॅम्पवरून निघालं की लगेच खुंबूचा हिमप्रपात. ती नदीच आहे गा, बर्फाची. दिवसाला जवळजवळ मीटरभर सरकते. भेगांवर ॲल्युमिनियमच्या शिड्या बांधतात, त्या वाकडीतिकड्या होतात, परत बांधाव्या लागतात. घराएवढे ठोकळे डोक्यावर तिरके उभे. तिथं तुझं कसब कुणी विचारत नाही. १८ एप्रिल २०१४ ला वरून बर्फ कोसळला, १६ माणसं गेली. सगळी नेपाळी, कामावरची.

अन्नपूर्णा त्याहून वाईट. ८,०९१ मीटर, आठ हजारी डोंगरांत पहिल्यांदा माणूस चढला तो हाच, ३ जून १९५०. एरझोग आणि लाशनाल, दोघे फ्रेंच. चढले खरे. उतरताना एरझोगच्या हातातले मोजे घसरून गेले, बघता बघता खाली. हाताची बोटं गेली, पायाची गेली. लाशनालची पायाची गेली. उत्तरेच्या उतारावर हिमलोट कधी सुटेल ह्याला वेळ ना काळ. चढणाऱ्यांच्या मानानं मेलेल्यांचा हिशेब कित्येक वर्षं अन्नपूर्णेचाच सगळ्यात वाईट होता.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो, इथल्याच सेंटरला घडलो, सियाचीनला एक टर्म काढली. गिर्यारोहक नाही मी. पण बर्फ काय करतो ते बघितलंय.

टिळकवाडीची_डॉक्टरीण

मामा, नमस्कार. "वाईट डोंगर" हा शब्द मी उचलला, दवाखान्यात वापरणार.

पण तुम्ही दोघांनी तिसरा प्रकार सोडलात. हवा.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. ५,५०० मीटरच्या आसपास हवेचा दाब निम्मा होतो, एव्हरेस्टच्या माथ्यावर एक तृतीयांश. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच २१ टक्के असतं, पण दाबच नसल्यामुळं रक्तात शिरत नाही. शरीर हळूहळू जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात, आणि त्या दिवसांना पर्याय नाही. तालमीत कमावलेली छाती इथं कामाची नाही. उलट तगडी पोरंच जास्त आजारी पडतात, कारण ती भराभर चढतात.

आणखी एक गंमत. हवेचं पांघरूण पृथ्वीवर सगळीकडं सारखं जाड नाही. विषुववृत्ताजवळ जाड, ध्रुवाकडं पातळ. अलास्कातला डेनाली ६,१९० मीटर, पण ६३ अंश उत्तरेला. त्याच्या माथ्यावर हवा तेवढ्याच उंचीच्या हिमालयातल्या शिखरापेक्षा विरळ. एव्हरेस्ट तिकडं नेऊन ठेवला असता तर मेसनर आणि हाबेलर १९७८ मध्ये सिलिंडरशिवाय चढले तसं कुणाला जमलं असतं का, ह्याबद्दल शरीरशास्त्रज्ञांनाच शंका आहे.

शिवाय डेनालीला शेर्पा नाहीत, याक नाहीत. छोट्या विमानानं काहिल्टना हिमनदीवर सोडतात, सुमारे २,२०० मीटरवर. पुढं आपलं ओझं आपण, अर्धं पाठीवर, अर्धं कमरेला बांधलेल्या घसरगाडीवर.

शहापूर_कट्टा

म्हणजे बैलपण आपणच, गाडीपण आपलीच. 😀

निपाणीचा_पाहुणा

डॉक्टरबाईंनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं, आता सांगतोच.

किलिमांजारो. ५,८९५ मीटर. सगळे म्हणतात "चालत जायचा डोंगर", आणि खरंच आहे. दोर नाही, बर्फात पाय रोवायचे नाहीत. म्हणून मी गेलो. ज्या कंपनीकडून गेलो तिनं पाच दिवसांचा कार्यक्रम दिला, सहा दिवसांचा महाग होता. निपाणीचा व्यापारी मी, स्वस्त तेच घेतलं. मारांगू गेट साधारण १,८०० मीटरवर. तिथून चौथ्या दिवशी पहाटे मी ५,६०० च्या वर. हिशेब बघा.

शेवटच्या झोपडीवरून मध्यरात्री निघतात. पायाखाली ज्वालामुखीची राख आणि खडी. दोन पावलं वर, एक खाली, गुळाच्या ढिगावर चढल्यासारखं. गाइड म्हणायचा, "पोले पोले", म्हणजे सावकाश. गिलमन्स पॉइंटला, विवराच्या काठावर, पोचलो तेव्हा उजाडत होतं. माथा तिथून समोर दिसतो, काठाकाठानं दीड-दोन तास. मी तिथं एका दगडावर बसलो आणि गाइडला मराठीत विचारलं, "गाडी कुठं लावली?" त्याला मराठी येत नव्हतं, पण त्यानं माझ्याकडं नीट बघितलं, खांद्याला धरलं आणि उलटा फिरवला. मी शिव्या दिल्या म्हणे. मला आठवत नाही. हजार मीटर खाली आल्यावर सगळं लख्ख.

घरी सांगितलं की हवा खराब होती. आज इथं खरं लिहितोय.

टिळकवाडीची_डॉक्टरीण

काका, त्या गाइडनं तुमचा जीव वाचवला. भलतंसलतं बोलणं, तोल जाणं, ही मेंदूला सूज येण्याची सुरुवात असू शकते. औषधं आहेत, पण पहिलं औषध खाली उतरणं. आणि चिडणं हेसुद्धा लक्षणातच येतं, त्यामुळं शिव्या माफ.

मामा, फौजेत कसं करतात ते सांगा की.

सुभेदार_मामा

तीन टप्पे. ९,००० फुटांच्या वर ६ दिवस. १२,००० च्या वर ४ दिवस. १५,००० च्या वर आणखी ४. पहिल्या दोन दिवसांत नुसतं बसायचं. तरणाबांड जवान, त्याला बसवत नाही, पळायला बघतो. त्याला बसवणं हेच आमचं काम.

पाव्हणं, तुम्ही जे चौथ्या दिवशी केलं त्याला फौजेत दोन आठवडे देतात.

आणि एक सांगतो. २०१६ च्या फेब्रुवारीत सियाचीनच्या सोनम पोस्टवर हिमलोट आला, १९,६०० फुटांवर. दहा जवान गाडले गेले. लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी जिवंत सापडला. बेटदूरचा, इथून पुढं धारवाड जिल्ह्यातला. दिल्लीला नेला, ११ तारखेला गेला. ती पोरं कुठलं शिखर चढायला गेली नव्हती. ड्यूटीवर होती. त्यामुळं कुणी माझ्यासमोर "कुठला डोंगर भारी" म्हणालं की मी जरा गप्प बसतो.

जांबोटीचा_वारा

🙏

गोकाकचा_खडक

मामा, तुम्हाला दंडवत घालूनच एक मुद्दा मांडतो, राग मानू नका.

अवघड आणि वाईट ही वाटणी पक्की नाही, दोन्ही एकमेकांत घुसतात. के-टू हेच उदाहरण. ८,६११ मीटर. नीट चालायला जागाच नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत उभा. हाउसची चिमणी, म्हणजे खडकातली उभी फट, मग काळा पिरॅमिड, खडक आणि बर्फ मिसळलेला. हा झाला अवघड भाग. मग ८,२०० च्या आसपास बॉटलनेक. एक अरुंद घळ, आणि डोक्यावर बर्फाचा लोंबता कडा, तुकडे कधीही सुटतील असा. हा वाईट भाग. १ ऑगस्ट २००८ ला ह्या कड्यानं पडताना खालचे दोर कापून नेले, माणसं वरच अडकली. त्या दुर्घटनेत ११ गेले.

पण बॉटलनेकमध्ये तू वीस मिनिटं राहतोस की चार तास, हे कशावर ठरतं? तुझ्या कसबावर, आणि पुढं रांग किती आहे ह्यावर. म्हणजे वाईटपणा डोंगराचा, पण त्याखाली उभं राहायचा वेळ आपला. २०२२ मध्ये तर एका दिवसात शंभरावर माणसं के-टूच्या माथ्यावर गेली. ज्या डोंगराला हिवाळ्यात १६ जानेवारी २०२१ पर्यंत कुणी हात लावू शकलं नव्हतं (आणि लावला तो दहा नेपाळ्यांनी, शेवटची पावलं एकत्र टाकून), तिथं आता उन्हाळ्यात दोराला रांग लागते.

सुभेदार_मामा

राग कसला. बरोबर बोललास. मग हेच खुंबूला लाव. गिऱ्हाईक तो प्रपात मोसमात पाच-सहा वेळा ओलांडत असेल. शेर्पा तंबू, सिलिंडर, पीठमीठ घेऊन त्याच्या कितीतरी पट. डोंगर तोच, वाट तीच. एकाला वाईट, एकाला लई वाईट.

के-टूचंच बघ. १९५४ ला इटलीवाले चढले, लाचेदेल्ली आणि कोंपान्योनी, ३१ जुलैला. सगळ्यांना ठाऊक. त्यांच्या सिलिंडरांचं ओझं वर नेलं कुणी? बोनात्ती आणि हुंझाचा अमीर मेहदी. दोघांना वरचा तंबू सापडला नाही, ८,१०० मीटरवर उघड्यावर रात्र काढली. मेहदीच्या पायाची बोटं गेली. त्याला के-टू अवघड होता की सोपा, कुणी विचारलं असेल?

शहापूर_कट्टा

मामा, मी कुंद्याची मागणी मागं घेतो.

अवांतर: के-टू हे काय नाव आहे? एवढ्या डोंगराला गाव-नाव नको का?

गोकाकचा_खडक

१८५६ ला माँटगोमेरी नावाच्या सर्वेअरनं काश्मीरमधून लांबून बघून वहीत मांडलं: काराकोरम १, काराकोरम २. के-वनला मशेरब्रुम हे गावचं नाव सापडलं. के-टू एवढा आत लपलाय की नंबरच चिकटून राहिला. बाल्टी लोकांत छोगोरी म्हणतात.

शहापूर_कट्टा

नावावरून आठवलं, आपल्या गावाचंही...

संपादक

कट्टा, तो धागा वेगळा आहे आणि बाराशे प्रतिसादांनंतर कुलूपबंद आहे. इथं डोंगर.

कणकुंबीची_माउली

मी कधी डोंगर चढले नाही, चोर्ला घाटात बस लागते मला. पण एक विचारते. कैलासावर कुणी का गेलं नाही? तो एवढा अवघड आहे का?

गोकाकचा_खडक

मावशी, कैलास ६,६३८ मीटर. आजच्या हिशेबानं चढता न येण्यासारखा नाही. लोक प्रदक्षिणा घालतात, चढत नाहीत, आणि परवानगीही नाही. भूतानचा गांखर पुएनसुम ७,५७० मीटर, तोही कुणी चढलेलं नाही. तिथं १९९४ पासून ६,००० मीटरच्या वर बंदी आली आणि २००३ पासून गिर्यारोहणच बंद.

कांचनजंगा त्याहून छान. ८,५८६ मीटर. १९५५ ला जो ब्राउन आणि जॉर्ज बँड माथ्याच्या काही पावलं अलीकडं थांबले, सिक्कीमच्या लोकांना शब्द दिला होता म्हणून. २०१९ ला पुण्याच्या गिरिप्रेमीचे दहाजण तिथं पोचले, मराठी माणसाच्या गिर्यारोहणात माझ्या मते ती एव्हरेस्टपेक्षा मोठी गोष्ट. लांबलचक डोंगर, वरचा टप्पा संपता संपत नाही, आणि तेवढंच परत यायचं.

कणकुंबीची_माउली

म्हणजे देवाच्या पायरीला हात लावून आत न जाता फिरायचं. समजलं. आमच्याकडं सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गर्दी बघून काहीजण तेच करतात. 🙂

टिळकवाडीची_डॉक्टरीण

मावशी 😄

माझं मत विचाराल तर नांगा पर्वत. ८,१२६ मीटर. रुपाल बाजूची भिंत साडेचार हजार मीटरच्या वर. आपला गोकाकचा धबधबा ५२ मीटर, एकावर एक ऐंशीपेक्षा जास्त रचा. ३ जुलै १९५३ ला हेरमान बुल शेवटचा टप्पा एकटा गेला, सिलिंडर नाही. संध्याकाळी उशिरा माथा, उतरताना अंधार. बसायलाही जागा नव्हती, तेव्हा आठ हजार मीटरवर एका टीचभर कपारीत रात्रभर उभा. ना तंबू, ना झोपायची पिशवी. फोटो बघा, माथ्यावर जाण्याआधीचा आणि आल्यानंतरचा. विशीत गेला आणि साठीत परतला असं वाटतं. वय होतं २८.

डॉक्टर म्हणून मला त्या रात्रीचं उत्तर देता येत नाही. वारा पडलेला होता, हे एक कारण. वारा असता तर गोष्टच राहिली नसती.

जांबोटीचा_वारा

सगळ्यांचे आभार. क्रमवारी मागितली होती, ती मिळणार नाही हे कळलं.

काल जेवताना आईला कोर्सचं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "तिकडनं पडलेल्याला खाली कोण आणतं?" मी एव्हरेस्ट, के-टू सगळं वाचून गेलो होतो, ह्याचं उत्तर नव्हतं माझ्याकडं.

गोकाकचा_खडक

तिला १९५३ च्या के-टूचं सांग. अमेरिकन मोहीम. आर्ट गिल्की आजारी पडला, पायात रक्ताच्या गाठी. वादळात त्याला सोडून उतरण्याऐवजी सगळे त्याला बांधून खाली उतरवत होते. एक घसरला, दोर अडकले, एकामागून एक पाचजण सुटले. पीट शोनिंगनं आइस ॲक्स एका दगडामागं रोवली होती, दोर कमरेभोवती होता. एकट्यानं सगळ्यांना धरलं, गिल्कीसकट. गिल्की नंतर हिमलोटात गेला, पण बाकी उतरले.

बेसिक कोर्सात तेच शिकवतात. घसरलास तर ॲक्सनं स्वतःला कसं थांबवायचं, आणि दुसरा घसरला तर त्याला कसं धरायचं. चढणं त्यामानानं थोडंच.

कणकुंबीची_माउली

बाळा, आईला हे गिल्कीचं सांगू नको. पहिलं वाक्य ऐकूनच ती उठेल. मामांना घरी घेऊन जा.

सुभेदार_मामा

येतो की. कुठल्या गल्लीत राहतोस ते मेसेज कर. चहा साखर कमी.

आणि तयारीचं: जून उजाडायच्या आत आठवड्याला दोनदा राजहंसगड, पाठीवर १५ किलो. जे बूट घालून जाणार तेच बूट. शेवाळलेल्या जांभ्या दगडावर मात्र जाऊ नको, तिथं पाय मोडला तर कोर्स संपला.

जांबोटीचा_वारा

१५ किलो कशाचे, मामा? वाळू चालेल का? घराचं बांधकाम चालूच आहे.

टिळकवाडीची_डॉक्टरीण

वाळू नको. पाण्याच्या बाटल्या भर. वर गेलास की झाडांना घाल आणि निदान पहिला महिनाभर तरी रिकामा उतर. उतरताना गुडघ्यांवर ओझं जास्त पडतं.

सुभेदार_मामा

डॉक्टरबाई, तुमचं बरोबर असेल. पण हिमालयात वर पाणी ओतून रिकामं उतरायला कोण देतंय? वाळूच भर, गा.

टिळकवाडीची_डॉक्टरीण

मग गुडघ्याचा एक्स-रे काढायला माझ्याकडंच पाठवा.

निपाणीचा_पाहुणा

अर्धी वाळू, अर्धं पाणी. रविवारी सहाला मीपण येतो. ह्या वेळेस सहा दिवसांचं पॅकेज.